जिनातला पदर, धुमसणारी गाठ आणि हातमोजे

प्रश्न : मी खानदेशातल्या बोदवडचा. दसरा-दिवाळीनंतर आमच्याकडे जिनिंग सुरू झाली की हंगामभर मी एका जिनात हिशेबाच्या टेबलावर असतो. माझी मामी तिथेच कापूस लोटायच्या कामाला आहे. गेल्या हंगामात तिच्या लुगड्याचा पदर मोटरीच्या पट्ट्यात गेला. शेजारणीने तिला मागे खेचलं म्हणून पदरावर निभावलं. मुकादम म्हणाला, ‘बाई, ध्यान कुठे होतं?’ भिंतीवर पाटी आहे : ‘सुरक्षितता ही प्रत्येकाची जबाबदारी’. प्रत्येकाची म्हणजे नेमकी कुणाची? दुसरं असं, की त्याच हंगामात बांधून रचलेल्या एका गाठीतून चौथ्या दिवशी धूर निघाला. आग चार दिवस आतल्या आत जिवंत राहते कशी? आणि शेवटचं, या वर्षी मालकांनी सगळ्यांना हातमोजे दिलेत, पण मामी घालत नाही. तिला समजवायचं कसं?
— एक वाचक, बोदवड

उत्तर : तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला पटायला जड जाईल, म्हणून ते शेवटी देतो. आधी पदराचं पाहू.

फिरता पट्टा आणि पुली यांच्यावर जाळी किंवा पत्र्याचं झाकण हवं, ही कारखाना कायद्यातली जुनी आणि साधी अट. १९४८च्या कायद्याच्या कलम २१ने ती मालकावर टाकली होती. पुढचं कलम २२ तर तुमच्या मामीसाठीच लिहिल्यासारखं होतं : चालू यंत्राजवळ जाऊन तपासणी करायची, तेल घालायचं, पट्टा बसवायचा, तर ते काम प्रशिक्षित प्रौढ पुरुष कामगारानेच करायचं, तेही अंगाला घट्ट बसणाऱ्या कपड्यांत, आणि ते कपडे कारखान्याने द्यायचे. सैल कपडा आणि फिरतं यंत्र यांचं जमत नाही, हे कायदा करणाऱ्यांना तेव्हाच ठाऊक होतं. मुकादमाने मामीला ध्यान विचारलं. पट्ट्यावरची जाळी कुठे गेली, ते त्याने मालकाला विचारायला हवं होतं. बहुधा ती दुरुस्तीसाठी काढली असेल, परत बसवायला कुणाला सवड झाली नसेल आणि भिंतीला टेकून उभी असेल. हंगामाच्या भरात बऱ्याच जिनांत जाळ्या अशाच उभ्या असतात.

माणसाचं ध्यान जातंच. कानठळ्या बसवणारा आवाज, हवेत रुईचा भुगा, सकाळपासून तीच हालचाल. अशा ठिकाणी दिवसात कधीतरी लक्ष चुकणार, हे गृहीत धरूनच यंत्र बांधायचं असतं. जाळी बसवायची ती त्या चुकलेल्या क्षणासाठी. सगळी सुरक्षितता ‘लक्ष ठेवा’ या दोन शब्दांवर टांगून ठेवली, तर शेवटी ती गरिबाच्या हाताबोटांवर येऊन पडते.

तुम्ही हिशेबाच्या टेबलावर बसता, तेव्हा यंत्र जवळून पाहिलं असेलच. तरी एकदा नीट पाहा. डबल रोलर जिनमध्ये चामड्याच्या चकत्यांचे दोन रोलर एकमेकांच्या उलट दिशेने फिरतात. प्रत्येकाला एक स्थिर सुरी घट्ट टेकलेली असते आणि मधली हलती सुरी मिनिटाला हजाराच्या घरात झटके देते. तंतू रोलरला धरून सुरीखालून ओढले जातात, सरकी मात्र त्या फटीतून जाऊ शकत नाही, ती गळून खाली पडते. रुई ओढून घेण्यासाठीच हे यंत्र बनलंय. त्याला तंतू, पदर आणि बोट यांतला फरक कळत नाही.

बोटं जातात ती बहुतेक वेळा कापूस तुंबल्यावर. ओला कापूस आला, दोरा आला, की गुंता अडकतो आणि अनुभवी माणूस हाताने एक धक्का देतो. शंभरदा काही होत नाही. यंत्र बंद करून, गुंता काढून, पुन्हा चालू करायला चार-पाच मिनिटं जातात, आणि मजुरी गाठींच्या हिशेबाने असेल तर ती चार मिनिटं सगळ्या टोळीला टोचतात. यावर उपाय साधा आहे आणि तो जगभर मोठ्या कारखान्यांत वापरतात. यंत्रात हात घालायचा असेल तर आधी मेन स्विच पाडायचा, त्याला कुलूप लावायचं आणि चावी ज्याचा हात आत जाणार त्याच्याच खिशात ठेवायची. फिटरचा हात आत असेल तर चावी फिटरकडे, मुकादमाकडे नाही. नुसता स्विच पाडून उपयोग नसतो, कारण तिकडून दुसरा कुणी येतो, ‘बंद का पडलंय’ म्हणतो आणि दांडा वर करतो. सरकी वाहून नेणाऱ्या स्क्रूजवळ आणि गाठीच्या प्रेसमध्ये तर कुलपाशिवाय हात घालूच नये. खर्च किती, तर एका कुलपाचा.

आता पाटीवरच्या ‘प्रत्येकाची’ या शब्दाकडे येऊ. कायद्याच्या भाषेत जबाबदारी प्रत्येकाची आहे, पण सारखी नाही. भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर १९८७मध्ये कारखाना कायदा दुरुस्त झाला आणि त्यात कलम ७अ आलं : यंत्रं, जागा, माहिती, प्रशिक्षण, देखरेख हे सगळं सुरक्षित ठेवण्याचं कर्तव्य कारखान्याच्या भोगवटादाराचं. भोगवटादार म्हणजे कारखान्यावर ज्याचा अंतिम ताबा आहे तो. कंपनी असेल तर तिच्या संचालकांपैकी एक. म्हणजे मुकादम नव्हे आणि मॅनेजरही नव्हे. कामगाराचं कर्तव्यही होतं आणि आहे : जाळी मुद्दाम काढायची नाही, दिलेली साधनं वापरायची, धोका दिसला तर सांगायचा. २१ नोव्हेंबर २०२५पासून या जुन्या कायद्याची जागा २०२०च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाच्या परिस्थितीच्या संहितेने घेतली आहे. वाटणी तीच राहिली, कामगाराचे हक्क मात्र नीट मांडले गेले. जिवाला किंवा हातापायाला धोका आहे अशी रास्त भीती वाटली, तर कामगार मालकाला सांगू शकतो आणि त्याच वेळी निरीक्षकालाही कळवू शकतो. मालकाने त्यावर ताबडतोब उपाय करायचा आहे. महाराष्ट्रात हे निरीक्षणाचं काम औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे आहे.

आणि तुमचं काय? माझ्या मते जिनाची सुरक्षितता मुकादमाच्या आरडाओरड्यापेक्षा तुमच्या टेबलावर जास्त ठरते. जाळीचे स्क्रू, नवीन पट्टा, आग विझवायची बाटली भरून आणणं, हे खर्च ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणून मागे सरकतात ते तिथेच. रोजच्या गाठींचा आकडा फळ्यावर लिहिला जातो, पण तुंबलेलं यंत्र किती वेळा बंद करून साफ केलं, तो आकडा कुणी लिहीत नाही. पदर अडकला त्या दिवशी रक्त आलं नाही, म्हणून वहीत ओळही आली नसेल. ती ओळ लिहायला हवी होती, कारण टळलेल्या अपघाताचं कारण शोधायला काही मोजावं लागत नाही.

जिनिंगच्या बाबतीत कायद्याची एक जुनी खोड आहे, आणि ती खानदेशाने सोसली आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने १८६१ ते १८६५मध्ये इकडच्या कापसाला भाव आला, त्याच दशकात आगगाडी खानदेशातून पुढे नागपूरपर्यंत गेली, आणि पुढे रुळांच्या कडेने जिनं उभी राहिली. हिंदुस्थानातला पहिला कारखाना कायदा आला १८८१मध्ये. पण तो लागू होता वर्षात चार महिन्यांहून जास्त चालणाऱ्या आणि शंभर किंवा जास्त माणसांच्या कारखान्यांना. जिनं हंगामी, त्यामुळे ती आपोआप बाहेर. १८८४मध्ये मुंबई सरकारने नेमलेल्या आयोगापुढे खानदेशातल्या जिनिंगच्या साक्षी झाल्या : बायका पहाटेपासून रात्रीपर्यंत राबत, आणि ऐन हंगामात त्याच बायका दिवसरात्र. त्याच वर्षी नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन दिलं. रविवारची सुट्टी त्यातली म्हणून सगळ्यांना आठवते. पण त्या निवेदनात आणखी एक मागणी होती : कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि जन्माचा पंगू झालेल्याच्या पोटाची सोय व्हावी. रविवार सहा वर्षांत, १८९०मध्ये मिळाला. भरपाईचा कायदा व्हायला १९२३ उजाडलं. हंगामी कारखाने कारखाना कायद्यात आले ते १९११मध्ये.

ही जुनी गोष्ट सांगायचं कारण असं, की ती खोड अजून गेलेली नाही. कर्मचारी राज्य विम्याचा, म्हणजे ईएसआयचा, कायदा हंगामी कारखान्यांना लागू नव्हता, आणि हंगामी कारखाने कोणते हे सांगताना त्यात कापसाच्या जिनिंगचं आणि प्रेसिंगचं नाव घेतलेलं होतं. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही हंगामी कारखान्यांना त्या विम्याबाहेरच ठेवलं. कारण दिलं जातं की काम थोड्या दिवसांचं. पण बोट गेलं तर ते हंगाम संपल्यावर परत येत नाही. माझ्या मते ही वगळणूक कधीच मोडायला हवी होती.

तोवर मामीच्या हातात आहे ती भरपाईची तरतूद, आणि ती बऱ्यापैकी धारदार आहे. कामावर असताना कामामुळे अपघात झाला, तर मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. ‘बाईचं ध्यान नव्हतं’ हे तिथे उत्तर म्हणून चालत नाही. दारूच्या नशेत असणं किंवा जाळी मुद्दाम काढणं असे मोजके बचाव मालकाकडे आहेत, आणि मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर तेही उरत नाहीत. माणूस ठेकेदाराचा असला तरी मूळ मालकाकडून भरपाई मागता येते. मालक ती ठेकेदाराकडून वसूल करो.

हिशेब तुमच्याच पद्धतीने करून दाखवतो. समजा वय ४०, महिना मजुरी १०,००० रुपये, आणि अंगठा गेला. १९२३च्या कायद्याच्या तक्त्यात अंगठ्याला ३० टक्के अपंगत्व धरलं होतं आणि ४०व्या वर्षाचा गुणक १८४.१७ होता. मजुरीच्या ६० टक्के म्हणजे ६,०००. गुणिले १८४.१७ झाले ११,०५,०२०. त्याच्या ३० टक्के म्हणजे ३,३१,५०६ रुपये, शिवाय उपचाराचा खर्च वेगळा. रक्कम एका महिन्यात दिली नाही तर वर व्याज आणि दंड. आता सांगा, पट्ट्याची जाळी कितीला बसते?

फक्त हे सगळं मिळायला एक गोष्ट कागदावर असावी लागते : ती बाई त्या दिवशी तिथे कामाला होती. हंगामी बायकांची नावं बऱ्याचदा टोळीच्या नावाखाली, ‘बायका १४’ अशी चढवली जातात. मस्टर तुमच्या हातात आहे. प्रत्येकीचं नाव, दिवस आणि मजुरी लिहा. नव्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने तर नेमणूकपत्रही बंधनकारक केलं आहे.

आता गाठीची आग. गाठ म्हणजे सुमारे १७० किलो रुई, दाबून पट्ट्यांनी बांधलेली. बाहेरून ती दगडासारखी घट्ट लागते, पण प्रत्येक तंतू आतून पोकळ आणि तंतूंच्या मध्ये हवा. एखादी ठिणगी प्रेसमध्ये जाताना रुईबरोबर आत दाबली गेली, तर तिला ज्वाळा धरायला पुरेशी हवा मिळत नाही. धुमसायला मात्र ती पुरते. मग ती एका तंतूवरून दुसऱ्यावर हळूहळू सरकते, आणि भोवतालची रुईच उष्णता बाहेर जाऊ देत नाही. शेगडीत राखेखाली दाबून ठेवलेला निखारा सकाळी फुंकर घातल्यावर लाल होतो, तसंच हे. चार दिवस काही फार नाहीत. अशा गाठी आठवड्यांनंतरही पेटल्याचे अनुभव आहेत. म्हणून गाठीतून जळका वास आला, एखादी बाजू हाताला कोमट लागली, तर ती गोदामात फोडायची नाही. पट्टी तुटली की हवा आत जाते आणि भडका उडतो. गाठ उघड्यावर, इतर गाठींपासून लांब न्यायची, पाणी जवळ ठेवायचं, आणि त्या वेळी प्रेसमधून निघालेल्या मागच्या-पुढच्या गाठीही काही दिवस वेगळ्या ठेवून पाहात राहायचं. पाणी वरून ओतून आतली आग विझत नाही, ते रुईच्या घट्ट थरांत शिरतच नाही.

ठिणगी येते कुठून? विडी हे सोयीचं उत्तर, आणि कधी खरंही. पण बऱ्याचदा ती कापसाबरोबरच येते. वेचणीच्या पोत्यात शेतातला खिळा, तारेचा तुकडा, खडा असतो. तो यंत्राच्या लोखंडी भागावर वेगाने आदळला की ठिणगी. तापलेली बेअरिंग, घासणारा रोलर, वायरीचा सैल जोड ही बाकीची ठिकाणं. म्हणून कापूस ओढून नेणाऱ्या नळीत लोहचुंबक बसवतात. ते दर पाळीला साफ झालं पाहिजे, नाहीतर चुंबकावर जमलेला लोखंडाचा गुच्छच सुटून आत जातो.

आग लागली तर सगळ्यात आधी दार. ७ जून २०२१ला पुणे जिल्ह्यात मुळशी तालुक्यातल्या उरवडे इथे एका कारखान्याला आग लागली आणि १७ कामगार गेले, त्यांत बहुतेक बायका. त्यांना बाहेर पडता आलं नाही. तुमच्या जिनात मागच्या दारासमोर कापसाची गंजी लागलेली आहे का, उद्या जाऊन पाहा. हंगामात जागा कमी पडते तेव्हा सगळ्यात आधी दारं बुजतात.

भुग्याबद्दल दोनच ओळी. सुट्टीनंतर कामावर आल्या दिवशी छाती आवळल्यासारखी वाटत असेल आणि पुढच्या दिवसांत कमी होत असेल, तर तो कापसाच्या धुळीचा दमा, बिसिनोसिस. वेळेत डॉक्टरांना दाखवा आणि काम काय करता ते सांगा, नाहीतर साधा दमा म्हणून गोळ्या मिळतात. रोलर खाचवताना उडणारं चामडं क्रोमचं असतं, तिथे धूळ ओढणारा पंखा हवाच. मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने क्रोम नसलेले रोलर तयार केले आहेत आणि त्यांचं जिनिंगचं प्रशिक्षण केंद्र नागपूरला आहे. मालकांनी फिटरला तिथे पाठवलं, तर खर्च वसूल होतो.

सुरक्षा दिनाला मिठाई वाटतात, शपथ घेतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण राष्ट्रीय सुरक्षा दिन ४ मार्चला येतो, तोवर बोदवडातला कापूस सरत आलेला असतो. शपथ घ्यायचीच तर हंगाम सुरू होताना, काटापूजनाच्या दिवशी घ्या.

आता हातमोजे. मामीचं बरोबर आहे. फिरत्या रोलरजवळ, पट्ट्याजवळ, सरकीच्या स्क्रूजवळ हातमोजे घालायचे नसतात. उघड्या बोटाला यंत्राचा स्पर्श झाला तर ते कातडी सोलून सुटण्याची शक्यता तरी असते. मोज्याचं कापड मात्र रोलर पकडतो आणि त्याच्या मागोमाग अख्खा हात ओढून नेतो. मालकांची नियत चांगली असेल, पण सुरक्षेचं साधन सगळ्यांना सारखं वाटून भागत नाही, काम बघून द्यावं लागतं. तेच हातमोजे प्रेसवर गाठीच्या पट्ट्या बांधणाऱ्यांना मात्र जरूर द्या, आणि सोबत डोळ्यांना चष्मा. ताणलेली पट्टी सुटली तर ती चेहऱ्याच्या उंचीला येते. मामीला हातमोज्यांऐवजी पदर खोचून वर बांधायचा कोट मागा, पूर्ण बाह्यांचा नको, कोपरापर्यंतचा, मागून गाठ मारायचा. आणि ती जाळी आधी बसवून घ्या.